हमीपत्रावरचा अंगठा

आधीच सांगते, मी या सदरातले अनुभव वाचून खो-खो हसणाऱ्यांपैकी आहे. बहुतेक अनुभवांत माणूस एकटा असतो, रात्र असते, आणि पोटात काहीतरी जड गेलेलं असतं. माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. दुपारचे बारा-सव्वाबारा वाजले होते, आजूबाजूला दीडदोनशे माणसं होती, आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आणखी एक... एनएसएसच्या शिबिरात 'अंधश्रद्धा आणि आपण' या विषयावर दरवर्षी भाषण मीच देते. द्यायचे, असं म्हणू का? बघू.

आमचं कॉलेज वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, मेडशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नाव देत नाही, कारण पुढं कळेल. मी तिथं अर्थशास्त्र शिकवते. माहेर मंगरूळपीरचं, त्यामुळं वऱ्हाडी कानाला सवयीची. वर्गात मात्र शुद्ध बोलायचा माझा हट्ट. स्वभाव थोडा कडक आहे. मुली मागं काय म्हणतात ते मला माहीत आहे.

त्या वर्षी विद्यापीठाकडून आठवड्याच्या अंतरानं दोन परिपत्रकं आली. पहिलं, परिसर पूर्ण तंबाखूमुक्त करा : समिती नेमा, गेटवर फलक लावा, होस्टेलची तपासणी करा. कुणाकडं बिडी, सिगारेट, खर्रा सापडला तर पालकांना प्रत्यक्ष बोलावून हमीपत्र घ्या. दुसरं, कॉलेज सगळ्या समाजासाठी उघडा : आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची, ज्यांनी जन्मात कॉलेजचं गेट ओलांडलं नाही अशी माणसं बोलावा, म्हातारी-कोतारी, अपंग, सगळी, त्यांचा मेळावा घ्या, मानानं बसवा. दोन्हीची जबाबदारी प्राचार्यांनी माझ्याच गळ्यात घातली. "मॅडम, तुमच्याशिवाय हे होणार नाही." गोड बोलून गाढव कामाला लावतात ना, तसं.

आमचे वॉचमन रामभाऊ दोन्ही कागद ऐकून म्हणाले, "मॅडम, बलावता बी तुमीच, अन् गेटावर खिसे बी तुमीच तपासता. मानूस येल कायले?"

मी म्हटलं, "रामभाऊ, तुमचा खर्रा आधी बाहेर ठेवा."

डिसेंबरात होस्टेलची तपासणी झाली. बी.ए. पहिल्या वर्षाची निर्मला... हे नाव बदललेलं आहे. किन्हीराजाच्या पुढं आत एक छोटी वस्ती आहे, तिथली. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. वस्तीतून कॉलेजात आलेली ही पहिली मुलगी. अबोल, पण अभ्यासात चोख. तिच्या पेटीत, कपड्यांखाली, अर्धं संपलेलं बिडीचं बंडल सापडलं. हिरव्या लोकरीच्या धाग्यानं बांधलेलं.

मला खरंच राग आला. हिच्याकडून अपेक्षा नव्हती म्हणून जास्तच.

"हे काय?"

"माह्या आबाची हाय, मॅडम." आबा म्हणजे तिचे आजोबा.

"आबांची बिडी तुझ्या पेटीत कशाला?"

ती विस्कटलेले कपडे पुन्हा पेटीत घालू लागली. मी प्रवेश अर्ज काढला. 'स्थानिक पालक : किसन, आजोबा.' खाली त्यांचा अंगठा.

"मग आबांनाच घेऊन ये. पुढच्या शनिवारी मेळावा आहेच. हमीपत्रावर अंगठा देऊ देत, विषय संपला."

"मॅडम... आले नाई तं?"

"तर होस्टेलमधून नाव कमी. परिपत्रक आहे, माझ्या घरचा नियम नाही."

होस्टेल गेलं म्हणजे कॉलेज गेलं. वस्तीतून रोज येणंजाणं शक्य नाही; तिचे आईवडील तिला सरळ उसाच्या फडात नेतील, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तरी मी बोलले. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मेळाव्याच्या छापील पत्रिका संपल्या होत्या, म्हणून मी कोऱ्या कागदावर हातानं पत्र लिहिलं : 'श्री. किसन आबा यांस, सप्रेम नमस्कार, आपण अवश्य यावे...' हातानं लिहिलेलं ते एकच पत्र. तिनं ते दोन्ही हातांत घेतलं, खूप वेळ बघितलं, मग म्हणाली, "बरं. नेऊन देतो." आमच्याकडं मुलीही 'देतो', 'जातो' असंच म्हणतात. त्या रविवारी ती एसटीनं घरी जाऊन आली. बंडल मी पाकिटात घातलं, वर टेप लावली, टेपवर आडवी सही केली, आणि स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्येच असते.

मेळाव्याचा दिवस. शेतात तुरी उभ्या होत्या, तरी माणसं बऱ्यापैकी आली. गेटवर मी आणि रामभाऊ टेबल टाकून बसलो होतो. तंबाखू, बिड्या खोक्यात ठेवायच्या, नंबरची चिठ्ठी घ्यायची, जाताना परत न्यायचं. म्हातारे कुरकुरत होते. एक आजी तर मला म्हणाली, "बाई, पावन्याले तंबाखू द्याची रीत हाय का हिसकाची?" मी हसून वेळ मारून नेली.

बाराच्या पुढं गर्दी ओसरली. तेव्हा ते आले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी, अंगानं अगदी वाळकं. बरोबर कुणी नाही.

"किसन माहं नाव," ते म्हणाले. "निर्मलेचा आबा. पत्र भेटलं."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू! मुलीचं नाव कमी करायची वेळ टळली होती. त्यांनी न सांगता खिशातून बंडल काढून खोक्यात ठेवलं. हिरव्या लोकरीचा धागा. मनात म्हटलं, चला, पोरगी खरं बोलली, एकाच घरातली बंडलं आहेत. मी त्यांना चिठ्ठी दिली तर म्हणाले, "राहू द्या बाई. वापस घेऊन काय करू."

मी हमीपत्र वाचून दाखवलं. ते मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "पोट्टीचा कसूर नाई. माह्यासाठी ठेवते ती. रोज एक समोर ठेवते. मीच सोडली म्हना आता. तिचं नाव काटू नका."

'रोज एक समोर ठेवते'... म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला फॉर्म भरायची घाई. शाईचं पॅड पुढं केलं. त्यांनी अंगठा दाबला, उरलेली शाई टोपी सरकवून केसांना पुसली. त्यांचा हात धरून अंगठा टेकवायला मी मदत केली होती. हात गार नव्हता की काही नव्हतं. खरखरीत होता, कुठल्याही शेतात राबणाऱ्या माणसाचा असतो तसा. खाली मी सही केली : 'माझ्या समक्ष.'

"जेवून जा आबा, पंगत बसते आहे."

"पोरगी जेवली का?"

"जेवेल ना."

"तिले जेवू घाला," एवढं बोलून ते उठले. मंडपात न जाता गेटबाहेर पडले. मी कागद फाइलला लावला, वर बघितलं तर रस्त्यावर एसटीतून उतरलेली माणसं होती, त्यांत ते दिसले नाहीत. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

निर्मला मंडपात नव्हती. होस्टेलवर गेले, तर बाईसाहेब पेटी भरत बसलेल्या! डोळे सुजलेले.

"अगं वेडे, पेटी कशाला भरतेस? सुटलीस तू. आबा येऊन गेले तुझे. अंगठा देऊन गेले."

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"कोन आले?"

"आबा. किसन आबा. जेवायला थांबले नाहीत."

"मॅडम, आबा तं पोयाच्या आधीच गेले. मी सांगतलं नाई तुमाले. इथं कोनी पालक नाई म्हनून होस्टेल जाईन, म्हनून नाई सांगतलं."

पोळा होऊन तीन-साडेतीन महिने झाले होते.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? राग. म्हटलं, पोरीनं वस्तीतला कुणीतरी म्हातारा पाठवला आणि आता नाटक करते आहे. पण ती ज्या तऱ्हेनं रडली ना... रडत मध्येच मला विचारत होती, "मॅडम, जेवले नाई? उपाशीच गेले?" असं कुणी नाटकात विचारत नाही.

पत्राचं काय केलंस, म्हणून विचारलं. आमच्याकडं लग्नाची पत्रिका आधी देवापुढं ठेवतात, मग घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोपुढं, अक्षता टाकून. तिनं तेच केलं होतं. "नावानं पत्र होतं नं मॅडम. त्यायचं पत्र मी दुसऱ्या कोनाले देऊ?"

आणि ते बंडल आबांच्या उशीखालचं होतं, शेवटचं. होस्टेलमध्ये ती रोज सकाळी आबांच्या पासपोर्ट फोटोपुढं एक बिडी ठेवायची, पाया पडायची आणि बिडी परत बंडलात घालायची. पेटवायची नाही. एवढाच तिचा गुन्हा.

मी रामभाऊंकडं पळत गेले. "तो शेवटचा म्हातारा..."

"टोपीवाले बाबा नं? पाह्यले ना मी. तुमी शाई लावून राह्यल्या होत्या." त्यांनीही बघितलं होतं! म्हणजे मला भास झाला नव्हता. खोक्यात बंडल होतं, हिरव्या धाग्याचं, अर्धं संपलेलं. सगळ्यांनी आपापल्या वस्तू नेल्या होत्या, तेवढंच उरलेलं.

ते हातात घेऊन मी स्टाफरूममध्ये गेले. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं. पाकीट तिथंच. टेप अखंड, टेपवरची माझी सही कुठंही फाटलेली नाही. मी पाकीट दाबून बघितलं. आत काही नव्हतं. कात्रीनं फोडलं. रिकामं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेले. निर्मलेच्या घराला कुलूप, शेजारच्या वहिनींकडं किल्ली. आत देवाजवळ फोटो, फोटोपुढं माझं पत्र, त्यावर तांदळाचे दाणे. फोटो जुना, उन्हानं उडालेला. तेच होते असं मी शपथेवर सांगू शकत नाही. नव्हते असं सांगायलाही जीभ उचलत नाही. वहिनी म्हणाल्या, "लय जीव होता बुढ्याचा पोट्टीवर. शाळेत बलावलं का हातातलं काम टाकून जाय." मी चहा न घेताच परतले.

आता माझी अडचण बघा. मेलेल्या माणसाच्या अंगठ्याखाली 'माझ्या समक्ष' म्हणून माझी सही! खरं सांगावं तर मुलीचं नाव जातं आणि मला लोक वेड्यात काढतात. लपवावं तर मी खोट्या कागदाची साक्षीदार. दोन महिने मला धड झोप नव्हती. प्राचार्यांच्या केबिनमधून बोलावणं आलं की तोंडचं पाणी पळायचं. फेब्रुवारीत विद्यापीठाची पाहणी समिती आली. एका सरांनी नेमकी तीच फाइल उघडली, तो कागद उजेडाकडं धरला... मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. "अरे वा, आजोबा स्वतः आले?" ते म्हणाले. "हाच खरा समाजसंपर्क." आणि पान उलटलं.

प्रवेश अर्जावरचा अंगठा आणि हा अंगठा शेजारी ठेवून बघ, असं माझ्यातली शिक्षिका अजून सांगते. दोन्ही कागद एकाच कपाटात आहेत. तपासणारे लोकही ओळखीत आहेत. मी ते केलेलं नाही, करणारही नाही. माझ्याकडं कसलंही स्पष्टीकरण नाही. एखाद्या वाचकाकडं असेल तर त्यानं ते मला कळवू नये, अशी हात जोडून विनंती.

यंदा जूनमध्ये होस्टेलचे अर्ज पुन्हा निघाले. निर्मला माझ्या टेबलाशी आली. स्थानिक पालकाच्या रकान्यावर बोट ठेवून, अगदी साधेपणानं म्हणाली, "मॅडम, पत्र लिहून देता का? रविवारी घरी नेऊन ठेवतो."

भीती वाटलीच. आणि भीतीपेक्षाही... त्या म्हाताऱ्याला आम्ही पुन्हा एवढ्या लांब बोलवायचं? परत उपाशी पाठवायचं?

मी अर्ज ओढून घेतला आणि स्थानिक पालक म्हणून माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. नातं काय लिहावं सुचेना. शेवटी 'मावशी' लिहिलं. आयुष्यात अधिकृत कागदावर मी लिहिलेली ही पहिली खोटी गोष्ट.

तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मंग आबाले सांगतो, आता यायचं काम नाई. मावशी हाय म्हनून."

मी म्हटलं, "सांग."