कोचीच्या धक्क्यावरची तिसरी बोट

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावहून पहाटे निघाले तेव्हा अंगावर दोन स्वेटर आणि वर शाल होती. लक्षद्वीपच्या जहाजाची तिकिटं दोघांची काढली होती, पण ऐन वेळी आमच्या ह्यांनी अंग काढून घेतलं. "चुरणा (धानाची मळणी) चालू आहे. धान सोडून कसा येऊ? तू जाय. जमला नाही तं वापस ये." लग्नाला पंचवीस वर्षं झाली. कधी रोवणी, कधी कापणी, कधी चुरणा. कुठे जायचं म्हटलं की ह्यांचं धान आडवं येतं. या वेळी रागाच्या भरात मी एकटीच गाडीत बसले. नागपूरच्या पलीकडे एकटी कधी गेले नव्हते.

कोचीच्या एर्नाकुळम स्टेशनवर उतरले तर घामाच्या धारा. रिक्षावाल्याने माझ्या हातातल्या स्वेटरांकडे बघून विचारलं, "हिमालय से आया?"

"गोंदिया से," मी म्हटलं. त्याला दोन्ही सारखंच वाटलं असावं.

दुपारी केळीच्या पानावर भात आला. मट्टा म्हणतात त्याला. जाडा, तांबूस, उकड्या तांदळाचा. तांदळाच्या मुलखातली मी, आधी दाणा बोटांनी चुरडून पाहिला. वाढणारा काळजीने उभाच राहिला. "अच्छा नहीं?"

"अच्छा है, मगर मोटा है."

तो खदखदून हसला आणि आणखी एक ढीग वाढून गेला. मासळीच्या आंबट कालवणाबरोबर तोही संपला, हे कबूल करायला हवं.

जहाज दुसऱ्या दिवशी होतं. त्याआधी पाण्याची सवय व्हावी म्हणून पलीकडच्या फोर्ट कोचीला जाणाऱ्या साध्या प्रवासी बोटीचं तिकीट काढलं, आणि तिथेच माझं अडलं. आमच्याकडे बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) उतरताना बाया आधी पाण्याला हात लावतात, तो कपाळाला लावतात, मग पाय टाकतात. लहानपणापासून मी त्याशिवाय पाण्यात उतरलेली नाही. इथे पाणी धक्क्याच्या कितीतरी खाली. वाकले, मग गुडघ्यांवर बसले, हात काही पोचेना. मागच्या लोकांनी आरडाओरडा केला. बाजूला झाले आणि बोट निघून गेली. दुसऱ्या बोटीच्या वेळीही तेच. आता मात्र धडकी भरली. एवढीशी बोट जमत नसेल तर उद्या जहाजात कशी चढणार? आणि परत गेले तर ह्यांना तोंड कसं दाखवणार?

शेजारी छत्री घेतलेली एक बाई उभी होती. माझं काही पाण्यात पडलं असं तिला वाटलं. "चेच्ची (ताई), क्या गिरा?"

मी हातवारे करून सांगितलं: पाणी, कपाळ, पाय. ती हसली नाही. तिसरी बोट लागली तशी तिने दोर धरलेल्या खलाशाला मल्याळममध्ये काहीतरी सांगितलं. त्याने बोट धुवायची बादली दोराने खाली सोडली, भरून वर ओढली आणि माझ्यापुढे धरली. "लो चेच्ची, समुंदर!"

मी हात बुडवला, कपाळाला लावला आणि पाय टाकला. सगळी बोट माझ्याकडे बघत होती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

फोर्ट कोचीला खांबांवर टांगलेली मासेमारीची मोठाली जाळी पाहिली, लिंबूसोडा प्यायले, आणि संध्याकाळच्या बोटीने परत आले. धक्क्यावर बसूनच ह्यांना फोन लावला.

"वापस येऊन राहिली का?" ह्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही. उद्या जहाजात चढतो." मग मी सुटलेल्या दोन बोटींची गोष्ट सांगितली. आता हे हसतील म्हणून वाट पाहत होते.

हे हसले नाहीत. म्हणाले, "मी तं तिसरीतही नसतो चढलो."

"काऊन?"

"मले भेव लागते पाण्याचा. बांधीत खालची माती दिसते. समुद्रात काय दिसते?"

"मंग पयले काऊन नाही सांगितले?"

"धान सांगितला का काम होऊन जाये. तू एकटी जाशील असा कुठं वाटला होता?"

फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिले. पंचवीस वर्षं मी धानाला शिव्या घातल्या होत्या. तुम्हाला भीती वाटते का, एवढं एकदाही विचारलं नव्हतं.

सकाळी जहाजावर चढले. एकटीच, पण रागावून नाही.