नव्वदची चिमणी

चिमणी घ्यायची तर आधी शेगडी मोजा, असं दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं. मी मोजली. मग भिंत मोजली, ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची मोजली, आणि काम नसताना खिडकीही मोजली. बाबा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मोजायचं काम मला बरं जमत होतं. त्यात मनाला काही वाटावं लागत नाही.

बाबा थंडी संपता संपता गेले. नागभीडजवळच्या आमच्या गावात माय एकटी उरली, आणि तिला दमा. डॉक्टरांनी बजावलं, चुलीचा धूर बंद म्हणजे बंद. म्हणून घराला कुलूप लावून मी तिला चंद्रपूरला आमच्या फ्लॅटवर आणलं. इथे चूल नव्हती, पण मिरचीची फोडणी होती. तेलात मिरची पडली की मायचा खोकला सुरू व्हायचा, तो जेवणं होईपर्यंत थांबायचा नाही. नवरा म्हणाला, चिमणी बसवून टाकू. मी बरं म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. तेरवीला आलेल्या एका बाईनं "पोरगी गोट्याची हाय, डोयात टिपूस नाई" असं म्हटलेलं मी ऐकलं होतं. एरवी मी कोणाचं ऐकून घेणारी नाही. पण तेव्हा रागसुद्धा आला नाही.

दुकानात मायला सोबत नेलं. दुकानदार बोलका होता.

"मॅडम, शेगडी तीन बर्नरची हाय ना? मंग साठ सेंटीमीटरची घेऊच नका. बाजूच्या बर्नरचा धूर सटकते. चिमणी शेगडीपेक्षा मोठीच पायजे. नव्वदची घ्या."

नव्वदची बसवायची म्हणजे मसाल्यांचं कपाट भिंतीवरून काढणं आलं. मी साठचीकडेच वळत होते. तेवढ्यात पाहते तर माय नव्वदच्या चिमणीखाली मान घालून वर बघतेय, आत हात घालून काहीतरी चाचपतेय.

"हेच घे," ती म्हणाली. "लहान नको घेऊ. सगळा धूर जमा झाला पायजे."

"पाहा, मावशीले बरोबर समजलं," दुकानदार खूश झाला.

जन्मात कधी गरजेपेक्षा मोठं भांडंही न घेणारी बाई मोठी चिमणी मागत होती. म्हणजे हिनं इथेच राहायचं मनावर घेतलं, असा मी अर्थ काढला. मला तेच तर हवं होतं. आनंद व्हायला पाहिजे होता. मी दुकानदाराला म्हटलं, बिल करा.

चिमणी बसली. बसवणाऱ्यानं खाली कागद धरला, तो फट्कन वर चिकटला. नवऱ्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून तोच प्रयोग पुन्हा करून दाखवला. आणि खरंच, माय आता फोडणीच्या वेळी स्टूल घेऊन स्वयंपाकघरात बसायची. खोकला नाही, काही नाही. बसून वर चिमणीकडे बघत राहायची.

एके दिवशी ऑफिसातून आले तर चिमणीच्या कडेला सुतळीनं काहीतरी टांगलेलं. सालीसकट गुंफलेली मक्याची कणसं, आणि बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं बरबटीचं, म्हणजे चवळीचं, बी. गावाहून आणलेल्या तिच्या पिशवीच्या तळाशी ते एवढे दिवस होतं आणि मला पत्ता नव्हता.

आमच्याकडे बियाणं चुलीच्या वर टांगतात. धूर लागत राहिला की कीड लागत नाही, पावसाळ्यात उतरवायचं आणि परसात पेरायचं. ते काम बाबांचं होतं. सकाळी चूल पेटवायचं कामही त्यांचंच. फुंकणी मात्र रोज नव्या जागी ठेवायचे आणि दिवसभर सगळ्या घरानं ती शोधायची. "फुंकणीले पाय फुटले का?" असं माय रोज ओरडायची.

"माय, इथी धूर राहत नाई," मी म्हटलं. "हे मशीन खेचते आन् पाइपानं बाहेर फेकून देते."

"वरती जमतच नाई?"

"नाई."

तिनं मान वर करून चिमणीच्या आत पाहिलं.

"मंग एवढं मोठं काऊन घेतलं तू?"

मला हसू यायला हवं होतं. मी स्टुलावर चढून गाठ सोडली. फडकं सोडताच आतून पीठ गळलं. निम्म्या बरबटीला भोकं पडली होती आणि सोंडकिडे ओट्यावर चालायला लागले. माय सूप घेऊन खाली बसली. एकेक दाणा बोटांत धरून बघायची, चांगला बाजूला ठेवायची. रडली नाही. निवडून झाल्यावर म्हणाली, "मले घरी सोडून दे. तुया बाबाच्या हातचं एवढंच बी राह्यलं. धूर नाई लागला तर हेबी जाईन."

"आन् तुया दमा?"

"बी गेलं तं पुन्हा कुठून आणू?"

गावातल्या शेजाऱ्यांच्या चुलीवर टांगू, असं मी सुचवलं. तिला ते पटलं नाही. आपलं बी आपल्याच चुलीवर. शेवटी मी म्हटलं, तू इथेच थांब, मी गावी जाते. दर सुट्टीला जाईन, पाऊस लागेपर्यंत. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की हिला चूल तरी पेटवता येते का. मग निवडलेलं बी नव्या फडक्यात बांधून दिलं आणि बसस्टँडपर्यंत सांगत आली, "जाळ नको करू. ओलं लाकूड घाल. धूर पायजे."

गावच्या घराचं कुलूप काढलं तेव्हाही काही वाटलं नाही. अंगण झाडलं. चुलीवरच्या आढ्याला बाबांचा तारेचा आकडा तसाच होता, काळाभोर. त्याला कणसं आणि गाठोडं अडकवलं. चुलीत काड्या रचल्या, वर ओलं लाकूड ठेवलं, काडी ओढली. धरेना. वाकून तोंडानं फुंकलं तर राखच नाकात गेली. मी वैतागले, आणि मान वळवून परसाकडे ओरडले,

"बाबा, फुंकणी कुठी ठेवली?"



तेव्हा मला कळलं, की बाबा गेले. चुलीपुढेच बसले आणि मोठ्यानं रडले, अगदी लहान पोरीसारखी. चूल पेटायची तशीच राहिली होती. पुष्कळ वेळानं उठून फुंकणी शोधायला लागले.