फॉन्टात नसलेली खूण

बोलीच्या प्रकल्पावर काम करत होते, त्या वर्षातली ही गोष्ट. आमच्या ध्वनिलिपीच्या फॉन्टात तोंडातून निघणाऱ्या झाडून साऱ्या आवाजांना खुणा आहेत. श्वास ओढला, आवंढा गिळला, गळा दाटला, सगळ्याला चिन्ह आहे. पण एक-एक चिन्ह ठरवायला तोच सेकंदभराचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. या कामाला थंड डोक्याचं माणूस लागतं, आणि माझं डोकं कधीच थंड नव्हतं.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या पलीकडच्या गावात, भाजीपाला पिकवणाऱ्या एका मावशीकडे मी रेकॉर्डर ठेवून आले होते. परकं माणूस समोर बसलं की बोली आखडते, म्हणून आम्ही तो घरातच ठेवून येतो. मी तिला सांगितलं होतं, घरात जसं बोलता तसंच येऊ द्या.

रेकॉर्डर परत आल्यावर आदिलाबादला खोलीवर फाईल उघडली. मावशी अंबाडीची भाजी कशी करायची ते सांगत होती. पडद्यावर तिचा आवाज लाटांसारखा चालला होता, आणि मध्येच एक काळी उभी रेघ आली. मग दुसरी. हेडफोनमध्ये काठी बसल्याचा आवाज. "सोडा, भाजी लागून राह्यली," मावशी म्हणत होती. पुन्हा काठी. भांडं पडलं. तिचं डोकं भिंतीवर आदळल्याचं स्वच्छ ऐकू आलं. मारणारा एक शब्द बोलत नव्हता.

तिच्या दाबलेल्या किंकाळीला खूण ठरवायची म्हणून तो मार मी इतक्यांदा ऐकला की माझीच पाठ ठणकायला लागली. माराला मात्र फॉन्टात खूण नव्हती. प्रकल्पाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, नुसतं 'गोंगाट' लिहा आणि पुढे चला. मी फोन आपटला. जिथे जिथे काठी बसली, तिथे मी एक काळा चौकोन ठेवला. पानं छापली तेव्हा त्यांवर चौकोनच आधी दिसत होते.

बोलणाऱ्याला ऐकवल्याशिवाय आणि काय गाळायचं ते विचारल्याशिवाय आम्ही काहीच वापरत नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप आणि ती पानं घेऊन मी गावात गेले. मावशीचा ओठ फाटलेला होता. भाकऱ्या थापता थापता तिनं सगळं ऐकलं. रेकॉर्डर बंद करायचा विसरलात का, असं मी विचारलं.

"इसरली नाई. तुमीच म्हनलं, घरात जसं बोलनं होते तसं येऊ द्या," ती म्हणाली. "मंग बंद काऊन करू?"

तेवढ्यात तिचा नवरा दारात उभा राहिला. लॅपटॉपमधून त्याचीच काठी वाजत होती. तो बोलला नाही. बैल हाकायची काठी त्यानं आधी पडद्यावर घातली, मग माझ्या हातावर. हाड मोडल्याचं मला कळलं, तरी मी डाव्या हातानं त्याची कॉलर धरली. खरं सांगते, त्या क्षणी मला तो मेलेला चालला असता. त्यानं मला चुलीकडे ढकललं आणि काठी पुन्हा उगारली.

मावशीनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. चामडी जळाल्याचा वास आला. तो खाली बसला तशी तिनं दुसरा तडाखा खांद्यावर दिला. मग लाकूड परत चुलीत सारलं, तव्यावरची भाकर उतरवली आणि विचारलं, मशीन फुटलं, आता आवाज गेला का? मी म्हटलं, नाही, ऑफिसात दुसरी प्रत आहे.

"मंग चाला ठाण्यात," ती म्हणाली.

ठाण्यातले साहेब तेलुगू होते, आमच्याशी हिंदीत बोलत होते. पानं उलटीपालटी करून त्यांनी विचारलं, ही कुठली लिपी? माझा हात सुजून टम्म झाला होता. तरी मी फॉन्ट म्हणजे काय, कुठली खूण कशाची, ते समजवायला लागले. मावशीनं मला थांबवलं. तिला कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. तिनं पान आपल्याकडे ओढलं आणि ओळींवरून बोट फिरवलं.

"हे माहं बोलनं, साहेब."

मग तिनं बोट एका काळ्या चौकोनावर टेकवलं, तिथून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर.

"अन् हे आमच्या मालकाचं."