फक्कीची नाव

अंजना जाऊन पाच महिने होत आले, तरी बिराप्पाच्या अंगणातली नाव कुणी पुसली नव्हती.

नाव फक्कीची होती. कबड्डीचं मैदान आखतात ना, त्या पांढऱ्या भुकटीची. कडुनिंबाखाली, गोठ्यापासून थेट रस्त्यापर्यंत, पुढं निमुळती, मधे फुगीर, अगदी खऱ्या मापाची. आटपाडीकडच्या त्या माळावर लाकडाची नाव तरंगवायची तर आधी टँकर मागवावा लागला असता. कोंबड्या तिच्यावर विनातिकीट फिरायच्या.

बिराप्पाला गाव ‘कॅप्टन’ म्हणायचं. तो कॅप्टन कधीच नव्हता. नौदलात तो जहाजाच्या पोटात बसून इंजिनाची देखभाल करायचा. उभी नोकरी समुद्रावर काढून त्यानं जेवढा समुद्र पाहिला, त्याहून जास्त गावातल्या पोरांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. इकडं अंजना दिराबरोबर, धनाजीबरोबर, दिवाळी सरली की मेंढरं घेऊन कऱ्हाडकडं उतरायची. उसवाल्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला परत. घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार, संसारावर लेक सृष्टी आणि सृष्टीच्या मांडीवर कोंबडी. नवरा सुट्टीवर आला की दोघं एकमेकांना आपापल्या वाटेच्या गोष्टी सांगायचे आणि दोघांनाही वाटायचं, समोरचं माणूस थापा मारतंय.

पेन्शन सुरू झाली तेव्हा बिराप्पानं जाहीर केलं, “आता एकदा सगळी मिळून जायचं. शिडाची नाव घ्यायची. किनाऱ्यानं केरळ, तिथनं लक्षद्वीप. इंजिनाची धडधड न्हाई, काय न्हाई.”

“मला पवाया येत न्हाई,” अंजना म्हणाली.

“म्हणून तर नाव घ्यायची गं!”

आणि सुरू झाली नावेची निवड. लोक पोरीला स्थळ बघताना एवढं खोलात जात नाहीत. बिराप्पा ओसरीवर मोबाईल धरून समजावायचा. एक असते दोन पोटांची, दोन नावा शेजारी जोडल्यासारखी. ती कलत नाही, आत घरासारखी ऐसपैस, चहाची कपबशी जागची हलत नाही. पण वादळात उलटली तर उलटीच राहते. दुसरी एका पोटाची. ती वाऱ्याबरोबर कलते, पोटात ढवळतं, पण तळाला शिशाचं वजन असतं. आडवी झाली तरी पुन्हा उभी राहते.

“मग दुसरीच घ्या,” अंजनानं चुलीपुढूनच निकाल दिला. “पडली तर उठाया पायजे. प्यायचं पाणी किती मावतं तिच्यात?”

बिराप्पानं सांगितलं.

“बया! चहूकडं पाणी आन प्यायला टाकीच? मग आटपाडी काय वाईट हाय?”

झालं. मोठ्या टाकीची नाव शोधणं आलं. मग एक भलंमोठं शीड की दोन काठ्यांवर लहान लहान शिडं? मोठ्याला माणसं लागतात, लहान नवरा-बायकोला आवरतात. दोन काठ्या ठरल्या. मग गोव्याची एक मिळाली, तिची चूल वर जायच्या शिडीपासून लांब, धूर आत कोंडणार. रत्नागिरीची मिळाली, तिचा कठडा ठेंगणा. दर नावेगणिक अंगणातली रेघ बदलायची. अंजना अंगण सारवताना रेघा तेवढ्या सोडून सारवायची आणि वैतागायची. “आवं, मेंढरू दात बघून घेत्यात. तुमी त्याची पत्रिका मांडून बसलाय!”

एकदा दुपारी त्यानं सगळ्यांना नावेत झोपवून बघितलं. धनाजी बांधावरून ओरडला, “दादा, भरती आली तर हाक मार रं!” सृष्टी तिच्या जागेवर आडवी झाली आणि हसायलाच लागली. पाय पार रेघेबाहेर.

“पप्पा, माझे पाय समुद्रात!”

बिराप्पानं फूटपट्टीनं मोजलेल्या त्या जागेकडं पाहिलं. ते माप शाळेतल्या सृष्टीचं होतं. पोरगी कॉलेज संपवून फलटणला नोकरीला लागली होती. त्याच्या डोक्यात ती अजून कुठल्यातरी सुट्टीत थांबली होती. त्यानं गुपचूप रेघ वाढवली.  

मग त्याचं लक्ष अंजनाकडं गेलं. ती नावेत नव्हतीच. कठड्याच्या रेघेपलीकडं, मातीवर, हाताची उशी करून कुशीवर झोपली होती.

“अगं, बुडलीस की!”

“असू द्या. मला कडंलाच झोप लागती.”

“आत जागा केलीया तुझ्यासाठी.”

“वाघरीच्या बाहेर झोपायची सवय हाय मला. सगळी आत असली म्हंजी बरं वाटतं. लांडगं आलं तर आधी कोण उठणार?”

वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायचं जाळं. एवढी वर्षं लेकरू, करडं, कोकरं आत, आणि ती बाहेर. बिराप्पानं तिला हाताला धरून आत घेतलं. त्याला स्वतःला डुलकी लागली आणि जाग आली, तर ती पुन्हा रेघेबाहेर.

“समुद्रात लांडगं नसत्यात,” तो म्हणाला.

“तुमी कवा बघितला समुद्र?” ती डोळे न उघडता म्हणाली.

त्यानंतरच्या थंडीत तिचं पोट दुखायला लागलं. “वाटंनं चालल्यावर थांबतं,” म्हणायची. थांबलं नाही. कऱ्हाडजवळ मलकापूरच्या दवाखान्यात ती थोडे दिवस होती. खाटेला दोन्हीकडून कठडे होते. ती म्हणाली, “ही नाव बरी दिसती. न्हाई व्हय?” त्यानं मान हलवली. घरी आणली ती चादरीत गुंडाळून.

आणि आज दुपारी नावा विकणाऱ्या दलालाचा फोन आला. रत्नागिरीला आणखी एक नाव आली होती. एका पोटाची, तळाला शिसं, दोन काठ्या, टाकी मोठी, चूल शिडीला लागून, कठडा कमरेएवढा. अंजनाच्या तोंडून उतरवून घेतल्यासारखी. गिऱ्हाईक दुसरंही होतं, संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाला.

“घ्या पप्पा,” सुट्टीवर आलेली सृष्टी म्हणाली. “आपण दोघं जाऊ. काकालाही नेऊ.”

धनाजी मेंढरांकडं बघत म्हणाला, “मला वांती हुईल. पर येतो मी, दादा.”

दोघंही हे किती प्रेमानं म्हणतायत ते बिराप्पाला कळत होतं. तो उठला, अंगणात गेला, रेघ ओलांडून पलीकडं मातीवर कुशीवर झोपला. हाताची उशी केली. तिथून नाव अख्खी दिसत होती. सृष्टीची वाढवलेली जागा, चूल, त्याची स्वतःची जागा. सगळं नजरेत. अंजनाची आखलेली जागा तेवढी कोरी करकरीत होती. तिथं कधी कुणाला झोप लागलीच नव्हती.

फोन पुन्हा वाजला. त्यानं पडल्या पडल्याच उचलला.

“काय ठरलं, कॅप्टनसाहेब?”

“एक विचारायचं हुतं. बाहेर झोपाया जागा हाय का?”

“वर, डेकवर? भरपूर.”

“तसं न्हाई. बाहेर. कठड्याच्या पलीकडं, कडंला.”

“साहेब, कठड्याच्या पलीकडं पाणी असतं.”

“व्हय,” बिराप्पा म्हणाला. “मग न्हाई जमायचं. दुसऱ्याला देऊन टाका.”