दुसऱ्या रांगेतली जागा

मुलीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा संध्याकाळी गावातल्या जुन्या कॅथीड्रलमध्ये प्रार्थनेला जाऊन बसायची. शेजारच्या शाळेतली मुलं तिथं गायची. शाळा कित्येक शतकांची, आणि तेवढी शतकं तिथली मुलं त्या दगडी कमानींखाली गात आलेली.

एकदा शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. बाकीचे डोळे मिटून ऐकत होते. त्या मात्र गाणाऱ्या मुलांच्या दुसऱ्या रांगेतल्या, पांढऱ्या झग्यातल्या एकाच मुलाकडे बघत होत्या.

"तुमचा नातू का?" मी हळूच विचारलं.

"नाही हो, मी ओळखतही नाही त्याला. माझा मुलगा तिथं उभा राहायचा. अकराव्या वर्षी तापानं गेला. पुढच्याच आठवड्यात त्याच्या जागी दुसरा मुलगा आला. फार राग आला होता मला."

"आणि आता?"

"आता वाटतं, ती जागा रिकामी राहिली असती, तर मला इथं येववलं नसतं."

जगाला माणसाची जागा भरावीच लागते. आईला मात्र भरलेल्या जागेतही आपलंच मूल शोधत बसावं लागतं.

गाणं संपलं. मुलं रांगेनं बाहेर निघाली. आमच्याजवळून जाताना तो मुलगा खोकला. बाई अर्धवट उठल्या, त्यांचा हात पुढे झाला आणि तसाच मागे आला.

"आतून स्वेटर घालायला हवा होता त्यानं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.