प्रवाहवाले मास्तर

मास्तरांना किळस फार लवकर येई आणि ती लपवणं त्यांना अजिबात जमत नसे. पंगतीत कुणी ताटातच हात धुतले की ते अर्ध्या जेवणावरून उठत. "शी! शिंच्या, जेवलास त्यातच हात धुतोस?" शाळेत त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला. पुढे मी रत्नागिरीतच सरकारी कचेरीत चिकटलो, तरी त्यांनी मला 'शिंच्या' म्हणणं काही सोडलं नाही.

त्यांचा खरा विषय समुद्र. "किनाऱ्याचं पाणी पावसाळ्यात दक्षिणेला जातं, थंडीत उलटं उत्तरेला. मध्ये डोंगराचं टोक आलं की त्याच्या आडोशाला भोवरा धरतं," असं सांगत ते भर बाजारात पिशवीसकट गोल फिरून दाखवत. नारळी पौर्णिमेला खारवी मच्छीमार धक्क्यावरून नारळ सोडत. ते टोकाला वळसा घालून दक्षिणेकडच्या वाडीच्या वाळूवर, पुळणीवर, कधी लागतात, हे बघायला मास्तर दरवर्षी तिथे जाऊन बसत. वाडीतला म्हातारा तांडेल, होड्यांचा म्होरक्या, हसे, "मास्तरानू, नारल हितंच येनार. जानार कुटं?"

पंच्याऐंशीच्या सुमारास धक्क्याजवळ कोळंबी गोठवायचा कारखाना आला. सांडपाण्याची नळी समुद्रात सोडायची होती आणि घाण कुठे वाहून जाईल याचा अहवाल आमच्या कचेरीचा. साहेबांनी ऐन थंडीत चार दिवस पाण्यात रंग सोडून पाहिला. रंग उत्तरेला गेला, साहेब विश्रामगृहावर सुरमई खायला गेले. झाली पाहणी!

मास्तर धापा टाकत कचेरीत आले. "अरे, हे थंडीचं पाणी! श्रावणात उलटं फिरेल आणि सगळी घाण वाडीच्या पुळणीवर घुमत बसेल. तेव्हा पुन्हा रंग सोडा, मग काय ते लिहा."

"नारळावरून शास्त्र सांगता होय?" साहेब खो खो हसले. मीही हसलो. प्रवाह 'बारमाही' उत्तरेकडे जातो असं लिहायला त्यांनी मास्तरांसमोरच मला सांगितलं. मास्तरांचं खरं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, पण माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. मी लिहिलं. त्या शब्दाची आठवण झाली की मला आजही माझीच शिसारी येते.

पुढच्या श्रावणात नारळ पुळणीवर आले ते कोळंबीची कुजकी डोकी आणि गुलाबी फेस घेऊनच. घाण हटेना. वाळूतले मुळे-शिंपले काढणाऱ्या बायकांच्या पायांना फोड आले. तांडेलानं रापण ओढली तर जाळ्यात सालपटंच. नाकाला पदर लावल्याशिवाय वाडीत कुणी जेवेना. मास्तर रोज तिथे जात आणि घरी येऊन ओकत, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं.

त्याच वर्षी ते पुण्याला लेकीकडे कायमचे निघाले. मी एसटी स्टँडवर गेलो. मास्तर बाकावर बसले होते. वाकून पायांना हात लावणार, तेवढ्यात त्यांनी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले. त्यांची गाडी लागली, ते उठून गेले आणि मी तिथे वाकलेलाच होतो.