टोमॅटोंनी खाल्लेलं बेसन
शेजारी कुणी बेसन भाजायला घेतलं की त्या खमंग वासाने मी अजून खजील होतो. त्या वर्षी दुकानातली सेंद्रिय भाजी पगाराला झेपेना, म्हणून मी बाल्कनीत टोमॅटो लावले आणि त्यांना जीवामृत नावाचं घरगुती खत घालायचं ठरवलं. शेण-गोमूत्र शहराबाहेरच्या मांजरी गावातल्या गोठ्यातून आणलं, बसमध्ये डबा मांडीवर घेऊन. त्यात लागणारा गूळ आणि बेसन घरातच सापडलं. सगळं बादलीत कालवून मी समाधानाने ढवळत बसलो. संध्याकाळी बायकोने बेसनाचा डबा उघडला. लेक पहाटे होस्टेलला निघणार होती, आणि तिच्या लाडवांसाठी ते बेसन मुद्दाम जाडसर दळून आणलेलं होतं. गिरणी तोवर बंद. "अहो, बेसन कुठंय?" मी बादलीकडे बोट दाखवलं. तिने नाकाला ओढणी लावून आत पाहिलं. "छान. आता वळा लाडू." लेक विकतचा चिवडा घेऊन गेली. दोन महिन्यांनी एकच टोमॅटो पिकला, तो मी स्वतः तिला नेऊन दिला. रात्री तिचा फोन आला. "बाबा, चांगला होता. पण आईला सांग, लाडूच पाठव." हल्ली मी टोमॅटो मुकाट्याने मंडईतून आणतो, आणि घरात बेसन कुठे ठेवतात हे मला कोणी सांगत नाही.